कार्तिक वद्य द्वितीयेचा समुद्र

मी, विनायक गंगाधर टेंबे, वय चौऱ्याहत्तर, लोकनिर्माण विभागाचा निवृत्त मानचित्रकार, म्हणजे रस्त्यांचे आणि पुलांचे नकाशे काढण्यात जन्म घालवलेला माणूस, राहणार नानाखेडा, उज्जैन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर अनिल तसा दाखला देणार आहेत, पण माझा स्वतःचा दाखला असा की काल रविवारी रामघाटावर बसून मी पलीकडच्या काठाची रेघ एका दमात ओढली आणि ती वाकडी गेली नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. उलट मुलगा आणि मुलगी दोघेही "बाबा, इतक्यात कशाला" असेच म्हणत आले आहेत. इतक्यात नाही तर कधी, हे मात्र दोघांपैकी कोणी सांगत नाही.

आमचे सुहास वकील म्हणाले, "काका, सीधी बात लिहा. कुणाला काय द्यायचं, बस. भावना वगैरे अलग कागदावर." मी मान डोलावली. पण अलग कागद कोणी वाचत नाही आणि मृत्युपत्र मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, हे इतक्या वर्षांत पाहिले आहे. त्यांनी आणखी एक बजावले की खाडाखोड करायची नाही. मत बदललेच तर पुढे नवीन कलम लिहून आधीचे रद्द करायचे. नकाशातही आम्ही तसेच करत असू, त्यामुळे हे मला पटले.

कलम १. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझी पत्नी नंदा २०१९ साली वारली. मला दोन मुले. थोरली गौरी, इथेच ऋषीनगरात राहते आणि भैरवगढच्या छापखान्यांसाठी कापडावरची नक्षी काढून देते. धाकटा सौरभ, बंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. गौरीची मुलगी निहारिका, सातवीत आहे. यांच्याखेरीज माझ्या मालमत्तेवर कोणाचा हक्क नाही. आमचे पूर्वज शिंद्यांच्या कचेरीत कारकून होते आणि आपले काहीतरी वतन कुठेतरी अडकले आहे, असे भय्यासाहेबकाका मरेपर्यंत सांगत होते. ते वतन कोणाला सापडले तर त्याने खुशाल घ्यावे.

कलम २. नानाखेड्यातला फ्लॅट गौरी आणि सौरभ यांना निम्मा निम्मा. सौरभ म्हणेल की सिंहस्थाआधी विकून टाकू, भाव चढले आहेत. विका. माझी हरकत नाही. मात्र विकेपर्यंत उत्तरेकडच्या बाल्कनीला काचा लावू नयेत. सौरभ दर दिवाळीला येतो आणि धूळ येते म्हणून काचा लावण्याची गोष्ट काढतो. धुळीबरोबर उजेडही येतो, हे त्याला पटवून पटवून मी थकलो.

कलम ३. बँकेत जे असेल ते दोघांना सारखे. आकडे वकिलांकडच्या कागदात आहेत. दागिन्यांची वाटणी नंदा स्वतः करून गेली, आणि ती इतकी नीट केली की आजतागायत कोणी कुरकुर केलेली नाही. तिला सगळेच तसे जमायचे.

कलम ४. बैठकीच्या भिंतीवर असलेले समुद्राचे तैलचित्र मी गौरीला देतो. त्या चित्रातली रिकामी जागा तिने आपल्या आईच्या फोटोवरून, आपल्या हाताने रंगवून चित्र पुरे करावे. गेल्या नोव्हेंबरात कोकणातून परतताना गाडीत तिने मला हेच मागितले होते. "फोटोवरून मी करते पुरं. आई अशी अर्धी लटकलेली नको," असे ती म्हणाली. मी चहावाल्याला थांबवले. त्या दिवसापासून ती येते, डबा ठेवते, औषधांची चौकशी करते आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसते. आम्ही दोघे पाण्याविषयी, चित्राविषयी, नंदाविषयी बोलत नाही. बापलेकीचे बोलणे इतके आटलेले या घराने कधी पाहिले नव्हते, आणि ते असेच ठेवून जायची माझी इच्छा नाही. म्हणून हे कलम.

कलम ५. वकील म्हणतात, मिळकतीचे वर्णन असे हवे की तिऱ्हाइतालाही ती ओळखता यावी. जमिनीची चतुःसीमा लिहितात, तशी या चित्राची लिहितो. वरच्या अंगास आकाश. डावीकडे काळा खडक, त्याच्या माथ्यावर ऊन. उजवीकडे लांब वळत गेलेला किनारा आणि सुरूची झाडे. खालच्या अंगास ओली वाळू, तिच्यात आकाश उतरलेले. मधोमध, पाणी जिथे संपते तिथे, बोटभर उंचीची कोरी जागा, जिच्यात कापडाचे पांढरे अस्तर दिसते. खूण अशी की खालच्या रंगात वाऱ्याने उडालेली खरी वाळू बसली आहे. बोट फिरवले तर ती लागते.

ही जागा कोरी का राहिली, ते लिहिल्याशिवाय वर्णन पुरे होत नाही.

नंदाची एक मावशी दापोलीच्या खाली समुद्रकाठच्या गावात दिलेली होती. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. गौरीला ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांनी तिथे गर्दी करू नये. १९८७ च्या दिवाळीनंतर आम्ही तिच्याकडे गेलो. गौरी तेव्हा वर्षाची होती. मी छत्तीस वर्षांचा घोडा झालो होतो आणि समुद्र पाहिलेला नव्हता. मी क्षिप्राकाठचा माणूस. आमच्याकडे पाणी पावसाळ्यात चढते, रामघाटाच्या पायऱ्या गिळते आणि मग उतरून आपल्या जागी राहते. पाण्याला एक जागा असते, अशी माझी पक्की समजूत होती.

७ नोव्हेंबरला सकाळी रंगांची पेटी घेऊन किनाऱ्यावर गेलो तर पाणी पार आत गेले होते. ओल्या वाळूचा भला मोठा पट्टा उघडा पडला होता. पाठीमागच्या टेकडीवरून ऊन आले, ते आधी खडकाच्या माथ्यावर बसले आणि मग हळूहळू वाळूवर उतरले. त्या वाळूच्या टोकाला नंदा भैरवगढच्या छापाची लाल साडी नेसून उभी होती. मी असे काही पाहिले नव्हते. नकाशे काढून काढून माझा हात इतका कोरडा झाला होता की हे मला रंगवता येईल असे वाटलेही नव्हते, पण हात आपोआप चालू लागला. आकाश झाले, खडक झाला, पाणी झाले, रंगाच्या सुरीने वाळू झाली.

नंदा लांबून ओरडून विचारायची, "माझी पाळी कधी?"

"आधी पाणी होऊ दे."

माणूस शेवटी रंगवायचा, हा माझा नियम. दुसरा नियम असा की जे डोळ्यांसमोर नाही ते रंगवायचे नाही. फोटोवरून नाही, आठवणीने नाही. हे नियम मला कोणी शिकवले नव्हते, मीच केले होते, म्हणून ते मोडणे अवघड होते. नंदाची पाळी येईपर्यंत ऊन पांढरे झाले. मी म्हटले, उद्या.

दुसऱ्या दिवशी ऊन वेळेवर आले आणि पाणी आले नाही. म्हणजे मागे गेले नाही. ओहोटी रोज पाऊण तास उशिरा होते, हे तोवर मला माहीत नव्हते. वाळू उघडी पडेपर्यंत उजेड गेलेला. तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट. मग रजा संपली.

त्यानंतर आम्ही तीनदा गेलो. मी हट्टाने तारीख तीच धरायचो, कारण सूर्य तारखेप्रमाणे चालतो आणि मला तेच ऊन हवे होते. माझे वडील पंचांग पाहिल्याशिवाय दाढी करत नसत. त्यांच्यावर चिडून मी जन्मभर तिथी मानली नाही. उज्जैनीत राहून तिथी न मानणारा माणूस म्हणून मित्रांत माझी चेष्टा व्हायची आणि ती मला आवडायची. दोन खेपा मी ७ नोव्हेंबरला जाऊन उभा राहिलो, आणि दोन्ही खेपा ऊन जिथे हवे तिथे, पण माझी वाळू पाण्याखाली.

दुसऱ्या खेपेला नंदा वाळूत पाय पसरून बसली आणि म्हणाली, "तुमचं ऊन तारखेनं येत असेल हो. पण पाणी तर चंद्राचं. ते तिथीनंच येणार ना?"

पुढच्या खेपेला आम्ही तिच्या सांगण्यावरून तिथीने गेलो, कार्तिक वद्य द्वितीयेला. आमच्या हिंदी शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो, ते तिलाच अगहनातली द्वितीया म्हणतात. पाणी अगदी तिथेच, वाळू तीच. पण तारीख पुढे गेलेली, सूर्य दक्षिणेला सरकलेला, आणि खडकाची सावली नको तिथे पडलेली. नंदाला हसू आवरेना. म्हणाली, "आता दोघांना एकदम बोलवायचं कसं?"

उत्तर घरातच होते. गौरीचा एकोणिसावा वाढदिवस आला तेव्हा नंदाने सकाळी तिला ओवाळले आणि स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. एकोणिसाव्या वर्षी जन्माची तारीख आणि तिथी एका दिवशी येतात, हे आपल्याकडे सगळ्या बायकांना माहीत असते. मलाही होते, पण ते वाढदिवसापुरते. ती म्हणाली, "मग तुमच्या समुद्राचाही एकोणिसावा वाढदिवस पुढच्या वर्षी आहे." इतकी वर्षे मी नकाशे काढले, उतार आणि पातळ्या मोजल्या, आणि हे मला सुचले नाही.

२००६ च्या ७ नोव्हेंबरला आम्ही दोघेच गेलो. कार्तिक वद्य द्वितीया. मावशी तेव्हा नव्हती, तिच्या दिराने खोली दिली. नंदाने तीच लाल साडी जपून ठेवली होती. रंग विटला होता, पण उन्हात तसा वाटत नव्हता. सगळे आले. ऊन खडकावर आले, पाणी मागे गेले, वाळूत आकाश उतरले. मी लाल रंग आधीच मळून ठेवला होता. नंदा जाऊन त्या जागी उभी राहिली. मी कुंचला उचलला.

आणि ती वळली. पाण्यात दोन पावले पुढे गेली आणि तिने हाक मारली, "अहो, रहने दो ते चित्र. इकडे या ना."

मी म्हटले, "नंदा, उजेड जाईल."

"जाऊ दे. एकोणीस वर्षं तुम्ही मला तिकडूनच बघताय. एकदा इथून बघा."

मी कुंचला ठेवला. कसा ठेवला ते मला आजही कळत नाही. पँट दुमडली आणि गेलो. पाणी गार होते. तिने माझा दंड धरला आणि आम्ही किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहिलो. दूर माझी चित्राची घडवंची एकटी उभी होती, तिच्यावर ते कापड, आणि तिच्यासमोर कोणी नव्हते. नंदा म्हणाली, "बघा, केवढंसं दिसतंय." आम्ही काय बोललो ते लिहीत नाही, ते कोणाच्या वाटणीचे नाही. बोलता बोलता पाणी परत फिरले आणि घडवंचीच्या पायांशी पोचले, तेव्हा दोघे ओरडत पळालो. चित्र वाचले. ती जागा कोरी राहिली.

रात्री जेवताना ती म्हणाली, "पुढच्या खेपेला मी हलणार नाही. तुम्ही सांगाल तशी उभी राहीन." पुढची खेप २०२५. मला वाटले, त्यात काय, मी तेव्हा चौऱ्याहत्तरचा असेन. तिच्याबद्दल मी विचारच केला नाही. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान होती.

कलम ६. हत्यारे. घडवंची, जी मुळात मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई आहे आणि विभागाने मोडीत काढली तेव्हा मी रीतसर पावती करून घेतली, ती निहारिकाला. तिला रंगांत गोडी नाही, ती नाटकात काम करते, पण तिपाईवर दिवा चांगला बसतो. कुंचले आणि सुऱ्या गौरीला. तिने ते टर्पेंटाइनमध्ये बुडवून विसरू नयेत. तिची ती जुनी खोड आहे.

माझ्याकडच्या सगळ्या निळ्या नळ्या, उघडलेल्या आणि न उघडलेल्या, श्री. तुषार पुराणिक यांना. आम्ही तीस वर्षे रविवारी बरोबर बसून घाट रंगवतो. एका प्रदर्शनात हे चित्र पाहून त्यांनी चारचौघांत सांगितले की टेंब्यांचा समुद्र क्षिप्रेसारखा दिसतो. मी तेव्हा हसलो, पण पुढचे सहा रविवार घाटावर गेलो नाही. तुषारराव, तुमच्या पाण्यात निळा कायम कमी पडतो. आता पडणार नाही. आणि एक कबूल करतो, की तुमचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. माझ्या हाताला दुसरे पाणी माहीतच नव्हते.

कलम ७. सौरभला, वर लिहिले त्याखेरीज, माझे घड्याळ आणि एक खुलासा. नंदा गेल्याच्या पुढच्या वर्षी त्याने चित्राचा फोटो काढून नेला आणि कॉम्प्युटरकडून त्या कोऱ्या जागेत आईला उभी करून मला मोबाईलवर पाठवले. "बाबा, देखो, पूर्ण झालं." मी त्याला फोनवर वाट्टेल ते बोललो. त्याने ते प्रेमाने केले होते, हे मला तेव्हाही कळत होते. बाईची उंची बरोबर, साडी लाल, केसांचा अंबाडा बरोबर. फक्त ती नंदा नव्हती, तिचा भार दोन्ही पायांवर सारखा होता, आणि नंदा कायम डाव्या पायावर उभी राहायची. सौरभ, तो फोटो मी पुसलेला नाही. कधी कधी उघडून बघतो. हे तुला सांगायचे राहून गेले.

कलम ८. अंत्यसंस्कार चक्रतीर्थावर करावेत. फार लोक बोलावू नयेत. महाकालाच्या गर्दीमुळे तसेही कोणी वेळेवर पोचत नाही. अस्थींबद्दल मात्र नीट वाचावे. तरुणपणी मी घरात सगळ्यांना सांगून ठेवले होते की माझ्या अस्थी कोकणात, त्या किनाऱ्यावर सोडा. ते आता खरे धरू नये. नंदाच्या अस्थी आम्ही क्षिप्रेत सोडल्या, कारण त्या वेळी कोणाला काही सुचत नव्हते आणि नदी जवळ होती. नंतर एकदा नकाशा उघडून बसलो. क्षिप्रा चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे नंदा पूर्वेच्या समुद्राला गेली, आमच्या समुद्राला गेलीच नाही. त्या दिवशी मला जितके रडू आले तितके ती गेली तेव्हाही आले नव्हते. तेव्हा माझ्याही अस्थी क्षिप्रेतच सोडाव्यात. चुकीचा समुद्र असला तरी ती तिकडे आहे.

कलम ९. वरील कलम ४ मधला चित्र पुरे करण्याबाबतचा मजकूर मी या कलमाने रद्द करतो. चित्र गौरीलाच दिले आहे, ते कायम. मात्र ती कोरी जागा तिने किंवा कोणीही रंगवू नये.

असे का, ते गौरीला कळले पाहिजे, नाहीतर ती समजेल की बापाने मेल्यावरही हात आखडता घेतला.

गेल्या ७ नोव्हेंबरला गौरी मला तिथे घेऊन गेली. तिने कामे सोडली, निहारिकाची परीक्षा सोडली, माझी पेटी, तिपाई, औषधे, सगळे तिने वाहिले. वाटेत मला म्हणाली, "बाबा, आई नाहीये. पण उंची माझी तिच्याएवढीच आहे. मी उभी राहते, तुम्ही करा." तिने ती लाल साडी आणली होती. माझ्या कपाटातून कधी काढली, मला पत्ता नाही.

ऊन आले. पाणी मागे गेले. ती पहाट आणि आधीच्या दोन्ही पहाटा यांत मला काडीचा फरक करता आला नसता. गौरी जाऊन त्या जागी उभी राहिली आणि मी कुंचला रंगात बुडवला. मी नियम मोडत नव्हतो, समोर माणूस होता. आणि मी म्हटले, "बाजूला हो."

ती तिथेच उभी राहिली. मी पुन्हा म्हटले, जरा जोरात, जसे घाटावर चित्राच्या आड येणाऱ्या यात्रेकरूला म्हणतो तसे.

ती किनाऱ्यावर आली, साडीचा ओला काठ पिळला आणि म्हणाली, "मी आई नाही, मला कळतं. पण मी तिची आहे ना? तेवढंही चाललं नाही तुम्हाला?"

मी पेटी बंद केली. दापोलीपासून उज्जैनपर्यंत आम्ही चहा आणि पाणी यांखेरीज शब्द बोललो नाही, मध्ये एकदाच तिने ते फोटोचे मागणे मागितले.

बेटा, मी तुला बाजूला केले ते तू आई नव्हतीस म्हणून नाही. तू चित्रात उभी होतीस आणि मी एकदम पाहिले की तुझे पाय गारठले आहेत. तू पायांची बोटे आत ओढून उभी होतीस, लहानपणी क्षिप्रेत उभी राहायचीस तशी. केस पांढरे व्हायला लागले आहेत तुझे, ते मला त्या उन्हात पहिल्यांदा दिसले. नंदाच्या जागी मला नंदा दिसलीच नाही, माझी मुलगी दिसली, आणि मला कुंचला टाकून तुझ्याकडे यावेसे वाटले. इतके वाटले की डोळ्यांना काही दिसेना. मग जे तोंडातून निघाले ते निघाले. आईने हाक मारली होती तेव्हा मी गेलो होतो. तू हाक मारली नाहीस, आणि मला आपणहून जायचे सुचले नाही.

तेव्हा ती जागा भरू नकोस. तू भरलीस तर ती छान होईल, तुझा हात माझ्याहून चांगला आहे, हे मी तुषाररावांपुढेसुद्धा बोललो आहे. पण तिथे आई उभी राहिली की ती किनाऱ्याकडून पाहिलेली आई होईल, आणि तिला तसे पाहून घ्यायचा कंटाळा आला होता. तिने तोंडाने सांगितले होते. मी इतकी वर्षे समजत होतो की चित्रात ती नाही. ती रंगवून घ्यायला थांबली नाही, एवढेच झाले, आणि जाताना मलाही घेऊन गेली. मला तिची फार आठवण येते, गौरी. रोज संध्याकाळी येते. चित्र पुरे झाल्याने ती कमी होणार नाही, हे मला त्या किनाऱ्यावर समजले.

कोणी पाहुण्याने विचारले की इथे काय राहिले आहे, तर सांगावे की काही राहिलेले नाही, चित्र एवढेच आहे. निहारिकाने विचारले तर मात्र सगळे सांगावे.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी गौरीने करावी. तिला अडचण असल्यास सुहास वकिलांनी.

इथे माझ्या मनात असे होते की २०४४ साली, तारीख आणि तिथी पुन्हा एका दिवशी येतील तेव्हा, गौरीने निहारिकाला घेऊन त्या किनाऱ्यावर जावे. तसे कलम मी मनात तयारही केले होते आणि ते लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता हिशेब केला की गौरी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची असेल, आणि मी तिला आणखी एकदा थांबायला सांगतो आहे. मी नंदाला एकोणीस वर्षे थांबवले, मग पुन्हा तेवढीच सांगितली. हे आता बस.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, असा रिवाज आहे. कलम ९ मी तोवर ठेवणार नाही. आज संध्याकाळी गौरी डबा घेऊन येईल, तेव्हा तिला भिंतीकडे तोंड करून बसवून ते वाचून दाखवणार आहे. ती रागावेल, रडेल, मग मला आधी का नाही बोललात म्हणून झापेल. झापू दे. त्यानंतर मी तिला विचारणार आहे की तुला सुट्टी कधी मिळते. ती जी तारीख सांगेल ती. ओहोटी असो की भरती असो, दुपार असो, ढग असोत. पेटी नेणार नाही, तिपाई नेणार नाही. डॉक्टर अनिल म्हणतात की गार पाण्यात उभे राहू नका. त्यांनी या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची आहे, तेव्हा हे त्यांना आत्ताच कळलेले बरे.

मी पाण्यात उभा राहणार आहे आणि गौरीला हाक मारणार आहे.

वर लिहिलेला सारा मजकूर माझ्या हातचा आहे, तो मी लिहून झाल्यावर चष्मा लावून दोनदा वाचला आहे आणि त्यात मला काही बदलायचे नाही. साक्षीदारांच्या देखत सही करतो.

(सही) विनायक गंगाधर टेंबे

आम्ही खाली सही करणारे, श्री. टेंबे यांनी आमच्यासमोर, आमच्याशी गप्पा मारत आणि पूर्ण शुद्धीत सही केल्याचे पाहिले. आम्हा दोघांपैकी कोणालाही या कागदाने काही मिळत नाही.

साक्षीदार पहिला: डॉ. अनिल बर्वे, नानाखेडा. (सही) गार पाण्याबद्दलचे माझे मत कायम आहे. फार तर दहा मिनिटे.

साक्षीदार दुसरा: मंदार काळे, वरच्या मजल्यावरचे शेजारी, निवृत्त बँक कर्मचारी. (सही)

ठिकाण: उज्जैन
दिनांक: १९ जानेवारी २०२६